कडीकोयंडा विरुद्ध वीसवाला

नियम १. सर्वांशी आदराने वागावे.

हा नियम ग्रुप सुरू झाला त्या दिवसापासून आहे. भांडणात दुसऱ्याच्या तोंडावर फेकायला तो फार सोयीचा पडतो. एरवी कोणी त्याच्या वाटेला जात नाही.

ग्रुप म्हणजे काय, ते आधी सांगते. आम्ही मोठी माणसं आहोत. काहींचे गुडघे दुखतात, काहींची मुलं कॉलेजात आहेत. तरी दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही आपापल्या घरी लॅपटॉप उघडतो आणि एका तळघरात उतरतो. तळघर अर्थात खोटं. एक जण गोष्ट सांगतो, त्याला सूत्रधार म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतले कोणी ना कोणी असतात. योद्धा, वैद्य, चोर. राक्षस मारायचा तर नुसतं 'मारला' म्हणून भागत नाही, वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो. वीस पडले तर राक्षस गेला. एक पडला तर तलवार तुमच्याच पायावर.

फासा ज्याचा त्याच्या टेबलावर. म्हणजे सगळा कारभार माणसाच्या सचोटीवर. इथे काय घोटाळा होणार हे तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. आमच्या यायला बरीच वर्षं गेली.

नियम ४. अॅडमिनचा निर्णय अंतिम राहील.

अॅडमिन तिघं.

मुख्य अॅडमिन विमा कंपनीत दावे तपासतो. मंजूर करणारा माणूस वेगळा असतो, हा तपासणारा. त्यामुळे आयुष्यात त्याने कोणाला पहिल्या फटक्यात 'हो' म्हटल्याचं ऐकिवात नाही. आमच्या टेबलाचा, म्हणजे मंगळवारी एकत्र खेळणाऱ्या टोळक्याचा, सूत्रधारही तोच. दुसऱ्या कोचबाई. पोहायला शिकवतात. कुठल्याही भांडणावर त्या अंगठा टाकतात, उभा. अंगठा नेमका कोणाच्या बाजूने, हे त्या सांगत नाहीत आणि विचारलं तर त्यावरही अंगठा येतो. तिसरी मी. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. ग्रुपात माझं नाव अक्कलदाढ.

आमच्या टेबलावर एक वीसवाला आहे. मुख्य अॅडमिनचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या कॅमेऱ्यात कपाळ दिसतं, छताचा पंखा दिसतो, फासा तेवढा दिसत नाही.

"वीस," तो सांगायचा.

थोड्या वेळाने पुन्हा, "वीस. काय करणार, हाताला गुण आहे."

लोकांनी तक्रार केली. मुख्य अॅडमिनने रीतसर तपास केला. तपास म्हणजे त्याच्या घरी जेवताना त्याने विचारलं, "तू खोटं बोलतोस का रे?" मेव्हणा म्हणाला, "नाही भाऊजी." बायकोने दोघांकडे पाहिलं. तपास संपला. 'तथ्य आढळले नाही' अशी सूचना ग्रुपवर लागली. सकाळी कोचबाईंचा अंगठा आला.

नियम ९. वादातील कोणाही व्यक्तीशी अॅडमिनचे नाते असल्यास त्याने ते जाहीर करावे आणि मत देऊ नये. नाते लपवल्यास अॅडमिनपद जाईल. मते समान पडल्यास मुख्य अॅडमिनचे मत निर्णायक धरावे.

हा मी लिहिला.

एक अक्षर इकडचं तिकडे करू दिलं नाही. शेवटचं वाक्य मुख्य अॅडमिनला गोड वाटावं म्हणून घातलं, कारण त्याशिवाय तो पहिल्या दोन वाक्यांना तयार होत नव्हता. 'तत्त्वतः मान्य' असं त्याने कळवलं. तत्त्वतः मान्य म्हणजे मनातून नाही, हे कळण्याइतकी मी नोकरीत मुरले आहे.

मग मेव्हण्याचं प्रकरण पुन्हा आलं. मुख्य अॅडमिन नियमाप्रमाणे बाजूला बसला, मी आणि कोचबाईंनी ठरवलं की वीसवाल्याने कॅमेरा टेबलावर लावावा. ग्रुपात लोकांनी मला फुलं पाठवली, म्हणजे फुलांची चित्रं. कोणीतरी मला न्यायदेवता म्हणालं. त्या आठवड्यात मी लॅबमध्ये सुद्धा मान ताठ करून कवळ्या घासल्या.

वीसवाल्याने कॅमेरा टेबलावर लावला. टेबल स्वच्छ दिसायला लागलं. फक्त त्याचा फासा दर वेळी टेबलावरून घरंगळून खाली जायचा.

"खाली वीस पडलेत," तो वाकून सांगायचा.

नवीन सदस्याने स्वतःची ओळख करून द्यावी. (या नियमाला नंबर द्यायचा राहून गेला आहे.)

*नाव:* कडीकोयंडा
*वय:* निवृत्त
*आधी कधी खेळला आहात का:* नाही
*खेळात कोण व्हायला आवडेल:* चोर. पण चोरी करणार नाही.

असा माणूस टेबलावर आला. कॅमेरा बंद. 'खराब झाला आहे' म्हणाला. आवाज घशात अडकलेला, बहुतेक मुद्दाम.

पहिल्याच मंगळवारी सूत्रधाराने सांगितलं, "समोर एक दार आहे."

"कुठलं कुलूप आहे?" कडीकोयंड्याने विचारलं.

"कुलूप... आहे. साधं."

"साधं म्हणजे? लटकवायचं की दारात बसवलेलं?"

"बसवलेलं."

"लिव्हर किती?"

मुख्य अॅडमिनने दावे तपासताना लोकांना असे प्रश्न आयुष्यभर विचारले असतील, त्याला कोणी विचारले नसणार. तो म्हणाला, "पाच."

"पाच लिव्हरचं कुलूप तळघराच्या दाराला कोणी लावत नाही. दमट हवेत गंजतं. लावलं असेल तर आतल्या माणसाला कुलपातलं काही कळत नाही. म्हणजे आत विशेष काही नसणार. पुढे चला."

बाकीचे हसले. मी माइक बंद केला आणि स्क्रीनकडे बघत बसले.

ते माझे बाबा होते.

बाबा कुलपं दुरुस्त करायचे. सगळं आयुष्य एका अरुंद दुकानात, कानशीच्या आवाजात. आमचं बोलणं बंद होतं. कारण सांगायला लाज वाटावी इतकं बारीक आहे. एका दुपारी मी लॅबमध्ये असताना ते माझ्या फ्लॅटवर गेले आणि माझ्या दाराचं कुलूप बदलून आले. मला न विचारता. 'आधीचं केसांच्या पिनेने उघडायचं', असं त्यांचं म्हणणं. मी संध्याकाळी आले तर माझी चावी माझ्याच दाराला लागेना. ते नवीन चावी घेऊन जिन्यात बसलेले, चेहऱ्यावर अभिमान.

"बाबा, हे माझं घर आहे."

"म्हणून तर चांगलं बसवलं."

"मला विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

यावर मी काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी चावी पायरीवर ठेवली आणि गेले. मग मी ठरवलं, आधी त्यांनी फोन करावा. त्यांनीही नेमकं तेच ठरवलं असणार. आमच्या घरात निश्चय सगळ्यांकडे भरपूर.

आणि आता ते माझ्या टेबलावर चोर होते.

मी बोलले नाही. त्यांना कळलंय असं मला वाटलं नाही, कारण अक्कलदाढ कोणीही असू शकते. माझं पात्र सैन्यातली कप्तानीण. तिच्यासाठी मी जाड आवाज काढते आणि माझा कॅमेरा फाशावर असतो. कप्तानिणीने चोराशी कसं बोलावं याची रीत ठरलेली आहे.

"ए चोरा, इकडे ये. त्या खिडकीची कडी बघ."

"बघतो, कप्तानीणबाई."

"भीती वाटते का रे तुला?"

"तुम्ही आहात तर नाही वाटत, बाई."

बाबांना मी आयुष्यात कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मंगळवारी करत होते. ते मला अहो-जाहो करत होते. दोन तास आम्ही एकमेकांना विचारायचो, दमलात का, दमलास का, जखम कशी आहे, पुढे जाऊ या का. मग 'पुढच्या मंगळवारी' म्हणून लॅपटॉप मिटायचा. आठवड्यातलं बाकीचं बोलणं लॅबमध्ये, तेही अनोळखी माणसांच्या जबड्यांशी.

म्हणजे मंगळवार गेला की माझे वडील गेले, असा साधा हिशोब होता. हे मी कोणाला सांगितलं नाही. नियम ९ लिहिणाऱ्या बाईला सांगता येत नाही.

नियम १ पुन्हा, कारण आता तो कोणाला तरी सापडला.

त्या मंगळवारी एक भलंमोठं दार आलं. कडीकोयंडा त्याच्यापाशी बसला तो बसलाच. बिजागऱ्या बघितल्या. चौकट ठोकून पाहिली. बोल्ट आडवा की उभा, विचारलं. सूत्रधार घाम पुसत उत्तरं देत होता. अर्धी संध्याकाळ त्यात गेल्यावर योद्धा कंटाळून म्हणाला, "मी ढकलून बघतो." दार उघडंच होतं.

"मग मघाशी बोल्टचं का सांगितलंत?" बाबांनी सूत्रधाराला विचारलं.

"तुम्ही विचारलंत म्हणून."

दाराच्या आत राक्षस होता. वीसवाल्याने फासा टाकला. फासा घरंगळला.

"खाली वीस पडलेत."

"उचला," कडीकोयंडा म्हणाला.

"काय?"

"फासा उचला आणि कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवा. वीसच्या बरोबर पाठीमागे एक असतो. तुमच्या फाशाच्या पाठीमागे काय आहे ते बघू द्या. एकाच चावीने सगळी दारं उघडायला लागली की मी आधी चावी बघतो, दारं नाही."

वीसवाल्याचा हात कॅमेऱ्यातून गेला, नुसतं टेबल दिसत राहिलं. तिकडून आवाज आला, "भाऊजी, हा आदर आहे का? नियम एक काय म्हणतो?"

राक्षस तसाच उभा राहिला. बैठक बरखास्त.

तक्रार

*कडीकोयंडा यांना ग्रुपातून कायमचे काढावे. कारणे: (अ) खेळाचा वेळ वाया घालवणे, (ब) सदस्याचा अपमान. तक्रारदार: मुख्य अॅडमिन.*

मी खाली लिहिलं: 'अपमान झाला असेल तर तुमच्या मेव्हण्याचा. नियम ९ प्रमाणे तुम्ही मत देऊ शकत नाही.'

उत्तर लगेच आलं. उत्तर तयारच होतं.

'मेव्हण्याने तक्रार केलेली नाही. मुद्दा (ब) मी मागे घेतो. वेळ माझा गेला, तक्रार माझी आहे. वाद मी आणि कडीकोयंडा यांच्यात आहे. माझे स्वतःशी नाते नाही.'

माझे स्वतःशी नाते नाही. हे वाक्य मी लॅबमध्ये कवळीला मेण लावता लावता पुन्हा पुन्हा वाचलं. दावे नाकारण्यात हयात घालवलेल्या माणसाचं ते उत्तम काम होतं, मला मान्य करावं लागलं. माझ्याच नियमातून तो सोळा आणे सुटला होता. आरोपी, तक्रारदार आणि न्यायाधीश यांपैकी दोन तो एकटाच.

मग त्याने मत टाकलं: काढावे.

कोचबाईंचा अंगठा आला. मी त्यांना वेगळा मेसेज केला, 'बाई, या वेळी शब्दांत लिहा.' बऱ्याच वेळाने ग्रुपवर एक शब्द उमटला: 'ठेवा.' माझ्या माहितीत हे त्यांचं ग्रुपवरचं पहिलं लिखाण.

राहिली मी.

मी गप्प बसले तर मतं समान, आणि समान मतं कोणाच्या पारड्यात जातात ते मीच लिहून ठेवलेलं. नातं जाहीर केलं तरी तेच. बाबा बाहेर, मंगळवार बाहेर. आणि मत दिलं तर ते राहणार, पण मग मी आणि जेवणाच्या टेबलावर तपास करणारा, यात फरक काय उरला? फरक असा की त्याच्या मेव्हण्याने लबाडी केली होती आणि माझ्या बाबांनी नव्हती. हे कारण मला फार पटलं. वशिल्याच्या माणसाला स्वतःचं कारण नेहमीच पटतं.

समोर एका आजींचे वरचे दात मेणात रांगेने उभे होते. त्यांनी काही सुचवलं नाही. अंगठ्याला प्लास्टर लागलेलं होतं, ते एप्रनला पुसलं आणि लिहिलं:

'ठेवावे.'

दोन विरुद्ध एक. कोणीतरी टाळ्या पाठवल्या. कोणीतरी पुन्हा न्यायदेवता म्हणालं. मी मोबाइल उपडा ठेवला आणि आजींच्या हिरड्या सारख्या करायला घेतल्या. छान झाल्या. इतकी हलकी मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

मोबाइल वाजला.

मग पुन्हा वाजला. मग थांबेचना.

कडीकोयंडा यांचा संदेश (अॅडमिनने वर चिकटवलेला आहे)

*अक्कलदाढ माझी मुलगी आहे. नियम ९ प्रमाणे तिचे मत धरू नये. कळावे.*

त्याखालचा मजकूर मी इथे सगळा देत नाही, निवडक देते.

'म्हणजे काय??'

'ही तर सरळ घराणेशाही झाली.'

'मला पहिल्यापासून शंका होती.' (न्यायदेवता म्हणणारा तो हाच.)

'ज्याने त्याने आपलं बघावं. हाताला गुण लागतो.' (वीसवाला.)

अंगठा.

आणि मुख्य अॅडमिनची सूचना, ज्यात त्याचा आनंद त्याला लपवता आलेला नव्हता: 'अक्कलदाढ यांचे मत बाद. मते समान. माझे मत निर्णायक. कडीकोयंडा यांना काढण्यात येत आहे. नियम ९ मधील तरतुदीनुसार अक्कलदाढ यांचे अॅडमिनपद रद्द. हा नियम केल्याबद्दल ग्रुप त्यांचा आभारी आहे.'

'कडीकोयंडा यांना काढण्यात आले' अशी करड्या अक्षरांतली ओळ आली. नुसती ओळ. एवढ्या भानगडीनंतर माणूस जातो तेव्हा इतकंच होतं.

मी हात न धुता लॅबच्या मागच्या जिन्यात आले. तिथे प्लास्टरची पोती आणि कोणाची तरी मोडकी खुर्ची. मोबाइलला पांढरे ठसे उठले. नंबर पाठ होता.

एका रिंगमध्ये उचलला.

"हं," बाबा म्हणाले.

"अरे, तुला अक्कल आहे का?" मी म्हणाले, आणि जीभ चावली. "म्हणजे, तुम्हाला. बाबा, तुम्हाला काही कळतं का?"

"कप्तानीणबाई रागावलेल्या दिसतात."

"चेष्टा नकोय मला. कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी. हुकूम सोडायच्या आधी तू सुस्कारा टाकतेस. तसा सुस्कारा टाकणारी दोनच माणसं मला माहीत. एक आता नाही."

मी पोत्यावर बसले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलत होतो की. दर मंगळवारी."

"मी मत दिलं होतं. तुम्ही राहिला असतात. सगळं झालं होतं. कोणाला काही कळलं नसतं."

"चूक होतं ते."

"चूक होतं ते मला माहीत आहे. मीच लिहिलाय तो नियम."

"मग?"

"मग काय मग? मी तुमच्यासाठी केलं."

"मला विचारलं होतंस?"

यावर उत्तर तयार होतं, पण ते तोंडात आल्यावर माझ्या लक्षात आलं की ते वाक्य मी कोणाकडून उचललंय. मी ते गिळलं. पलीकडे बाबाही काही गिळत होते. चहा असावा.

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात," मी शेवटी बोललेच.

"अर्थात."

"हसू नका."

"हसत नाही. बरं, ऐक. तो विमेवाला सुटला कसा, कळलं का तुला? तुझ्या नियमात वादातल्या माणसाशी नातं असेल तर असं आहे. वादातला माणूसच मत देईल, याचा विचारच नाही. एवढी मोठी फट. मी ग्रुपात आलो त्याच दिवशी बघितली."

"मग सांगायचं नाही?"

"आपलं बोलणं कुठे होतं?"

"चोर म्हणून सांगायचं. कप्तानिणीला."

"गोष्टीतल्या चोराने बाहेरच्या नियमावर बोलायचं नसतं. नियम ६."

"सहावा कोणी वाचत नाही, बाबा."

"मी वाचले सगळे. सातव्यातही गडबड आहे. लिहून घे."

"हातांना प्लास्टर आहे."

"मग नुसतं ऐक. सातवा म्हणतो की सूत्रधाराने गोष्टीत एकदा सांगितलेली वस्तू बदलू नये. त्याने बोल्ट सांगितला होता. मग दार ढकलून उघडलं कसं? म्हणजे नियम त्याने मोडला आणि वेळ मी वाया घालवला. याच्यावर अपील होतं का?"

"अपील अॅडमिनकडे करायचं असतं."

"कुठल्या?"

"त्याच्याच."

"हा काय न्याय झाला?"

"आमच्यात असाच असतो. पण तुमचं आधीचं संपलेलं नाही. तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंत, मला एक मेसेज आधी टाकता आला नसता?"

"टाकला असता तर तू थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं. बाबा, हे तुमचं नेहमीचं आहे. लहानपणापासून हेच. शाळेतसुद्धा तुम्ही बाईंना जाऊन सांगितलं होतंत की चित्र मी काढलेलं नाही, तुम्ही काढलंय."

"मीच काढलं होतं."

"मला बक्षीस मिळालं होतं."

"म्हणून तर सांगितलं. दुसऱ्या मुलीचं चित्र बरं होतं. त्या मुलीचं झाड झाडासारखं होतं."

"थांबा," मी म्हणाले. "बॅटरी संपत आली. आत जाऊन चार्जर लावते. ठेवू नका."

"ठेवतोय कोण," बाबा म्हणाले. "माझा मुद्दा अजून व्हायचाय."